वाचकांचे प्रश्न : साध्या ऑपरेटिंग सिस्टिमवर रिअल टाइम काम चालतं का?

नोव्हेंबर 2024 मध्ये लिनक्सचा 6.12 कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आला आणि वीस वर्षं बाहेरून ठिगळासारखी लावावी लागणारी रिअल टाइमची, म्हणजे काम ठरलेल्या वेळेतच होण्याची सोय, 'प्रीएम्प्ट आरटी', मूळ कर्नलमध्ये सामील झाली. ही सोय चालू केलेला कर्नल म्हणजे 'आरटी कर्नल'. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर साधारण एकच आहे : आता वेगळी रिअल टाइम सिस्टिम कशाला? त्यांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : जुन्या मिलिंग मशीनला स्टेपर मोटर (दर पल्सला एक पाऊल फिरणारी) बसवून ती लिनक्ससीएनसीवर, म्हणजे लिनक्सवरून मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामवर, चालवतो. ऑफिसातला जुना पीसी, त्यावर लिनक्ससीएनसीची तयार इमेज, पल्स पॅरलल पोर्टवरून. फीड (टूल सरकण्याचा वेग) कमी असला की काम चोख होतं. फीड वाढवला की मोटर ओरडते, स्टेप चुकतात आणि जॉब रिजेक्ट होतो. मोटर बदलू की पीसी? (शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर)

आधी गणित मांडू, मग खरेदीचं बघू. तुमच्या पत्रातल्या माहितीप्रमाणे बॉल स्क्रूची पिच (एका फेऱ्यातली सरक) 5 मिमी, मोटर 200 स्टेपची आणि ड्रायव्हर 8 मायक्रोस्टेपवर (एका स्टेपचे आठ भाग) आहे. म्हणजे एका फेऱ्याला 1,600 पल्स, एका मिलिमीटरला 320. फीड 3,000 मिमी प्रतिमिनिट ठेवला की सेकंदाला 50 मिमी, म्हणजे 16,000 पल्स. दोन पल्समधलं अंतर 62.5 मायक्रोसेकंद.

हे अंतर पाळायचं काम तुमच्या पीसीचा प्रोसेसर स्वतः करतोय. आता समजा, मध्येच तो 40 मायक्रोसेकंद उशिरा जागा झाला. त्या पल्सच्या आधीचं अंतर 102 मायक्रोसेकंद होतं आणि नंतरचं फक्त 22. मोटरच्या दृष्टीने हा आधी ब्रेक आणि लगेच धक्का. वेग वाढला की स्टेपर मोटरचा टॉर्क पडतोच. अशा वेळी तो धक्का तिला पेलवत नाही, रोटर मागे राहतो. ओरडण्याचा आवाज त्याचाच. तोच पीसी 1,200 मिमीच्या फीडला चालवला तर दोन पल्समध्ये 156 मायक्रोसेकंद असतात आणि तेच 40 पचून जातात. म्हणून हळू चालवल्यावर सगळं ठीक दिसतं. शिवाय स्टेपरला एन्कोडर (प्रत्यक्ष किती फिरलं ते कळवणारा सेन्सर) नसेल तर स्क्रीनवरचा आकडा बरोबरच राहतो. चूक कळते ती व्हर्नियर लावल्यावर.

तेव्हा मोटर बदलू नका. लिनक्ससीएनसीसोबत 'लेटन्सी हिस्टोग्राम' येतं (लेटन्सी म्हणजे जागं व्हायला झालेला उशीर), ते चालू करा आणि मशीनला मुद्दाम त्रास द्या : खिडक्या इकडून तिकडे ओढा, व्हिडिओ लावा, पेनड्राइव्हवर मोठी फाइल कॉपी करा, नेटवर्कवर काहीतरी उतरवत ठेवा. दहा मिनिटांत आलेल्या आकड्यावर विसंबू नका, दिवसभर चालू द्या. सर्वांत मोठा आकडा 15-20 मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर पीसी उत्तम. 30-50 असेल तर चालेल, पण वेगाला मर्यादा येईल. 100 च्या पुढे गेला तर त्या पीसीवरून थेट पल्स काढू नका. एक मिलिसेकंदाच्या पुढे गेला तर तो पीसी लिनक्ससीएनसीसाठी सोडूनच द्या.

आकडा मोठा आला तर क्रमाने हे करून बघा. बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरच्या वीजबचतीच्या सी-स्टेट बंद करा, कारण गाढ झोपेतून जागं व्हायलाच वेळ जातो. हायपरथ्रेडिंग बंद करा. 'यूएसबी लेगसी सपोर्ट' बंद करा; हा फार महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे मदरबोर्डचं फर्मवेअर अधूनमधून प्रोसेसर स्वतःच्या ताब्यात घेतं आणि तेवढा वेळ कर्नलला पत्ताही नसतो. हा सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारा इशारा) लिनक्सच्या कोणत्याही सेटिंगने रोखता येत नाही. तो आहे का हे 'एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट' या टूलने कळतं. त्यानंतर ऑनबोर्ड ग्राफिक्स बंद करून साधं जुनं ग्राफिक्स कार्ड लावून बघा. शेवटी 'आयसोलसीपीयूज' हा बूट पर्याय देऊन एक कोअर फक्त रिअल टाइम कामासाठी राखून ठेवा. प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजा. सगळं एकदम बदललं तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. लॅपटॉपच्या नादी लागू नका. त्यांचं वीजबचतीचं फर्मवेअर या कामात जवळजवळ नेहमी आडवं येतं.

एवढं करूनही आकडा खाली आला नाही, तर पल्स काढण्याचं काम पीसीकडून काढून घ्या. मेसा कंपनीची इथरनेटवर चालणारी कार्डं याचसाठी आहेत. पल्स कार्डावरची एफपीजीए चिप (जिच्या आत हवं ते सर्किट रचता येतं) काढते आणि पीसी दर 1 मिलिसेकंदाला फक्त 'आता या वेगाने जा' एवढं सांगतो. मग 100 मायक्रोसेकंदांचा उशीर हा चक्राचा दहावा भाग ठरतो आणि पल्सच्या अंतराला त्याचा धक्का लागत नाही. कार्डासाठी वेगळा नेटवर्क पोर्ट ठेवा, तो ऑफिसच्या स्विचला जोडू नका. त्या पोर्टवरचं 'इंटरप्ट कोअलेसिंग'ही बंद करा, नाहीतर नेटवर्क चिप दोन-चार पॅकेट साठण्याची वाट बघत बसते आणि लिनक्ससीएनसी वाचन अपुरं राहिल्याची तक्रार करतं. यूएसबीला लावायचे पॅरलल पोर्ट कन्व्हर्टर बाजारात स्वस्त मिळतात, पण ते या कामाला चालत नाहीत. पैसे वाया जातील.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी रास्पबेरी पाय 4 वर 'सायक्लिकटेस्ट' ही लेटन्सी मोजणारी चाचणी चालवली. साध्या कर्नलवर सरासरी लेटन्सी 9 मायक्रोसेकंद आली आणि आरटी कर्नलवर 12. मग आरटी कर्नलचा उपयोग काय? (छत्रपती संभाजीनगर)

तुम्ही सरासरीचा रकाना वाचला. 'मॅक्स'चा वाचा. रिअल टाइममध्ये सरासरीला जवळजवळ काहीच किंमत नाही. वेगवान असणं वेगळं आणि वेळ पाळणं वेगळं. आरटी कर्नल वेळ पाळण्यासाठी थोडा वेग खर्च करतो, म्हणून तुमची सरासरी वाढली. यात नवल नाही.

खर्च कुठे होतो तेही बघा. साध्या कर्नलमध्ये एखाद्या ड्रायव्हरने स्पिनलॉक (वाट बघणाऱ्याला जागेवरच फिरत ठेवणारं कुलूप) घेतला की तो सोडेपर्यंत त्या कोअरवर दुसरं कोणी येऊ शकत नाही, तुमचं काम कितीही तातडीचं असलं तरी. नेटवर्कवर पॅकेटांचा पूर आला की इंटरप्टच्या मागोमाग येणारं कामही असंच लांबतं. आरटी कर्नलमध्ये यातले बहुतेक स्पिनलॉक झोपू शकणाऱ्या लॉकमध्ये बदललेले असतात आणि इंटरप्टची कामं वेगळ्या थ्रेडमध्ये (स्वतःचं प्राधान्य असलेल्या स्वतंत्र कामात) जातात. त्या थ्रेडना प्राधान्य 50 असतं, म्हणजे तुम्ही 80 वर असाल तर त्यांच्या पुढे जाता. ही सगळी अदलाबदल फुकट होत नाही.

चाचणीची पद्धतही सुधारा. रिकाम्या बोर्डवर दोन्ही कर्नल सारखेच गोंडस दिसतात. चाचणी प्राधान्य 80 वर, दर 1,000 मायक्रोसेकंदांनी, मेमरी लॉक करून, सर्व कोअरवर चालवा. त्याच वेळी 'हॅकबेंच' आणि 'स्ट्रेस-एनजी'ने बोर्ड दमवा, एसडी कार्डावर लिहीत राहा, नेटवर्क चालू ठेवा. 24 तास चालवली तर प्रत्येक कोअरवर 8 कोटी 64 लाख नोंदी मिळतात. त्यांतली एकच वाईट नोंद तुमच्या प्रोजेक्टचं उत्तर आहे. रिपोर्टमध्ये हिस्टोग्राम द्या, कर्नलची आवृत्ती आणि लोड काय होता ते लिहा. त्याशिवाय तो आकडा दुसऱ्या कोणाच्या कामाचा नाही.

आणखी एक गोष्ट परीक्षक विचारतील, त्यांनी विचारावीच : मोजलेला मॅक्स हा खरा मॅक्स आहे याची खात्री काय? खात्री नाही. लिनक्स कर्नलच्या कोडच्या ओळी कोट्यवधींच्या घरात आहेत. त्यातली सर्वांत लांब वाट कोणती, हे गणिताने सिद्ध करता येत नाही. आपण मोजतो आणि वर पुरेशी मोकळीक ठेवतो. तुमचं काम 300 मायक्रोसेकंदांचं, मोजलेला मॅक्स 90 आणि चक्र 1,000 असेल तर 610 हाताशी उरतात. हे मला पटेल. तेच चक्र 400 चं असेल तर अजिबात नाही. विमानाचं नियंत्रण, गाडीची एअरबॅग, पेसमेकर अशा ठिकाणी 'मोजलं आणि ठीक आलं' पुरत नाही; तिथे छोटा, तपासून प्रमाणित केलेला कर्नल किंवा थेट मायक्रोकंट्रोलर लागतो.

प्रश्न : आरटी कर्नल आहे. सी मध्ये कंट्रोल लूप लिहिला, 'शेड फिफो' (रिअल टाइम कामांची रांग) आणि प्राधान्य 99 दिलं. लूप न थांबता घड्याळ बघत फिरत राहतो आणि वेळ झाली की काम करतो. तरी दर सेकंदाला साधारण 50 मिलिसेकंद सगळं गोठतं. कर्नलमध्ये बग आहे का? (नाशिक)

बग नाही. तो 50 चा आकडाच कारण सांगतो. रिअल टाइम थ्रेडने प्रोसेसर अडवून धरला आणि बाकीच्यांची उपासमार झाली, तर कर्नल दर सेकंदातले 50 मिलिसेकंद काढून इतरांना देतो. जुन्या कर्नलमध्ये हे थ्रॉटलिंगने व्हायचं : 10 लाख मायक्रोसेकंदांच्या चक्रात रिअल टाइमला 9 लाख 50 हजार. नव्या कर्नलमध्ये यंत्रणा बदलली, हिशोब तोच राहिला. ही मर्यादा उणे 1 लिहून काढून टाकण्याचा सल्ला ठिकठिकाणी सापडतो. तसं केलंत आणि लूप अडकला तर कीबोर्ड, नेटवर्क काहीच दाद देणार नाही. थेट स्विच बंद करावा लागेल.

दुरुस्ती लूपमध्ये करा. घड्याळ बघत फिरू नका, झोपा; पण ठरावीक क्षणापर्यंत झोपा. 'क्लॉक नॅनोस्लीप'ला 'टायमर ॲबटाइम' पर्याय द्या आणि पुढची वेळ मागच्या ठरलेल्या वेळेत 1 मिलिसेकंद मिळवून काढा. नुसतं '1 मिलिसेकंद झोप' म्हटलंत आणि कामाला 0.3 मिलिसेकंद लागले, तर चक्र 1.3 चं होतं आणि चूक दर फेरीला साठत जाते. घड्याळ 'मोनोटॉनिक' घ्या. भिंतीवरच्या वेळेचं घड्याळ इंटरनेटवरून दुरुस्त होताना पुढेमागे उडी मारतं.

प्राधान्य 99 सोडा, 80 पुरे. 99 वर कर्नलची स्वतःची काही अत्यावश्यक कामं असतात. तुमचा लूप नेटवर्कवरून येणाऱ्या पॅकेटची वाट बघत असेल, तर त्या कार्डाच्या इंटरप्ट थ्रेडचं प्राधान्य तुमच्यापेक्षा वर न्या. नाहीतर पॅकेट दारात उभं असतं आणि ते आत आणणारा थ्रेड 50 वर रांगेत.

लूप सुरू होण्याआधी 'एमलॉकऑल'ने सगळी मेमरी जागेवर खिळवा, लागणारे ॲरे एकदा लिहून स्पर्श करून घ्या, स्टॅकलाही तसंच. लूपच्या आत 'मॅलॉक' (नवी मेमरी मागणं) नको, फाइल उघडणं नको, आणि 'प्रिंटएफ' (मजकूर छापणं) तर नकोच नको. 115200 बॉडच्या सिरियल कन्सोलवर एक अक्षर जायला सुमारे 87 मायक्रोसेकंद लागतात. शंभर अक्षरांची एक ओळ म्हणजे 8.7 मिलिसेकंद. तुमची आठ चक्रं त्या एका ओळीत गेली. कर्नललाही हेच भोवत होतं : 'प्रिंटके'चा कन्सोलवरचा छापखाना हा आरटी मूळ कर्नलमध्ये येण्याच्या वाटेवरचा शेवटचा मोठा अडथळा होता. नोंदी हव्यात तर रिंग बफरमध्ये टाका आणि कमी प्राधान्याच्या दुसऱ्या थ्रेडला त्या लिहू द्या.

प्रश्न : एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ व्हीएक्सवर्क्स किंवा फ्रीआरटीओएस ही रिअल टाइमसाठीच बनवलेली सिस्टिम घेतली तर या कटकटी संपतात ना? (पिंपरी-चिंचवड)

काही संपतात. डिझाइनमधली चूक मात्र संपत नाही. 'मार्स पाथफाइंडर' यान 4 जुलै 1997 ला मंगळावर उतरलं, त्यावर व्हीएक्सवर्क्सच होतं. काही दिवसांतच त्याचा संगणक मध्येच रीसेट होऊ लागला. हवामानाच्या नोंदी घेणारा कमी प्राधान्याचा टास्क एक लॉक धरून बसायचा, तोच लॉक डेटा बस सांभाळणाऱ्या वरच्या प्राधान्याच्या टास्कला हवा असायचा, आणि मधल्या प्राधान्याची लांबलचक कामं हवामानवाल्याला पुढे सरकूच द्यायची नाहीत. बसचं काम वेळेत झालं नाही हे दिसलं की यंत्रणा स्वतःला रीसेट करायची. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर तोच प्रकार घडवून आणला आणि कारण सापडलं : त्या लॉकसाठी 'प्रायॉरिटी इनहेरिटन्स'चा (लॉक धरणाऱ्याला वाट बघणाऱ्याचं प्राधान्य तात्पुरतं देण्याचा) पर्याय बंद होता. तो चालू करणारा बदल मंगळावर पाठवला आणि रीसेट थांबले.

लिनक्सवर 'पीथ्रेड' लायब्ररीचा म्युटेक्स, म्हणजे लॉक, आजही डिफॉल्टने याच अवस्थेत येतो. दोन वेगळ्या प्राधान्यांचे थ्रेड एकच लॉक वापरत असतील तर म्युटेक्सच्या ॲट्रिब्यूटमध्ये 'प्रायो इनहेरिट' स्वतः लिहावं लागतं. आरटी कर्नल हे तुमच्यासाठी परस्पर करत नाही. तुमच्या कोडमध्ये आत्ता शोधून बघा.

निवड करताना माझा ढोबळ हिशोब असा. 10 मायक्रोसेकंदांच्या आतली अचूकता हवी तर कोणत्याच ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवू नका. मायक्रोकंट्रोलरचा टायमर किंवा एफपीजीए वापरा. 10 ते 100 च्या दरम्यान फ्रीआरटीओएससारखी छोटी सिस्टिम स्वतंत्र चिपवर ठेवा. 250 मायक्रोसेकंद आणि त्यापुढे, नीट तपासलेल्या पीसीवर आरटी लिनक्स मी निर्धास्त घेतो. स्क्रीन, नेटवर्क, फाइल, डेटाबेस सगळं एकाच डब्यात मिळतं. 10 मिलिसेकंद आणि त्यापुढे, क्वचित एखादं चक्र चुकलेलं चालत असेल तर साधा लिनक्सही पुरतो, फक्त शेड फिफो आणि मेमरी लॉक विसरू नका. बहुतेक चांगल्या यंत्रांत दोन्ही असतात : मायक्रोसेकंदांचं काम छोट्या चिपवर, विचाराचं काम लिनक्सवर.

प्रश्न : विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोग्रामला 'रिअलटाइम' प्राधान्य देता येतं. ते पुरेसं नाही का? (सोलापूर)

नाही. तो फक्त रांगेतला क्रम आहे, वेळेची हमी नाही. ड्रायव्हरचे इंटरप्ट आणि त्यांची लांबवलेली कामं, म्हणजे डीपीसी, ही 'रिअलटाइम'च्याही वर चालतात. वायफायच्या एखाद्या वाईट ड्रायव्हरने डीपीसीत रेंगाळायचं ठरवलं तर तुमचं प्राधान्य काही कामाचं नाही. शिवाय विंडोजचा टायमर मुळात 15.6 मिलिसेकंदांनी टिकटिकतो. प्रोग्रामने मागितला तर साधारण 1 पर्यंत येतो. विंडोजच्या पीसीवर चालणारे औद्योगिक कंट्रोलर तुम्ही पाहिले असतील, उदाहरणार्थ बेकहॉफचं ट्विनकॅट. तिथे विंडोजच्या बरोबरीने स्वतंत्र रिअल टाइम कर्नल बसवलेला असतो. वेळ तो पाळतो, विंडोज स्क्रीन दाखवतं.

प्रश्न : सीएनसीचं इमर्जन्सी बटण पॅरलल पोर्टच्या इनपुटला जोडलं आहे. आरटी कर्नल असल्यामुळे एवढ्यावर भागेल ना? (सातारा)

भागणार नाही, आजच बदला. कर्नल पॅनिक झाला, रॅम बिघडली किंवा ती एक वायर निसटली तर बटण दाबूनही काही होणार नाही. रिअल टाइमची हमी पीसी जिवंत असेपर्यंतच असते.

मशरूम बटणाचा नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला) काँटॅक्ट कॉन्टॅक्टरच्या (विजेने ओढल्या जाणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलच्या मालिकेत घ्या आणि त्या कॉन्टॅक्टरमधून मोटर ड्रायव्हरचा पुरवठा न्या. वायर तुटली तरी मशीन बंदच पडेल अशी ही जोडणी आहे. बटणाचा दुसरा काँटॅक्ट पीसीला द्या, तो फक्त 'बटण दाबलं गेलं' हे लिनक्ससीएनसीला कळण्यासाठी. बटण सोडल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. वेगळं स्टार्ट बटण आणि कॉन्टॅक्टरचा होल्डिंग काँटॅक्ट ठेवा. उभ्या झेड अक्षावर वजनदार हेड असेल तर पुरवठा जाताच ते खाली घसरू शकतं, तिथे ब्रेकवाली मोटर किंवा काउंटरवेट लागेल. स्पिंडल व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) असेल तर नुसता पुरवठा तोडल्याने तो फिरत फिरत थांबतो; व्हीएफडीला 'सेफ टॉर्क ऑफ' टर्मिनल असेल तर इमर्जन्सी त्यातून न्या. पण तेही फक्त टॉर्क काढतं, ब्रेक लावत नाही. स्पिंडल पूर्ण थांबायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा आणि तेवढा वेळ गार्ड उघडणार नाही अशी कडी बसवा.